बेटावरची वेळ

अंदमानात डिसेंबर महिन्यात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो. मुंबईत तेव्हा अजून तासाभराचा उजेड शिल्लक असतो. बेटं ९२-९३ अंश पूर्व रेखांशावर आहेत आणि घड्याळ मात्र ८२.५ अंशांवरचं, साऱ्या देशाचं. त्यामुळे सकाळी साडेपाचला उजाडतं आणि दुपारचा चहा होईपर्यंत दिवस उतरणीला लागलेला असतो. हे मी गटातल्या मंडळींना निघण्याआधीच्या बैठकीत सांगते, विमानतळावर सांगते, पहिल्या जेवणाच्या वेळी पुन्हा सांगते. तरी हॅवलॉक बेटावर पोचलो, जेवणं झाली की कुणीतरी काका म्हणतातच, "ताई, जरा पडतो, साडेचारला निघू." साडेचारला निघालं तर राधानगरच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवेपर्यंत सूर्य पाण्याला टेकलेला असेल. म्हणून मी अडीचपासून खोल्यांची दारं वाजवायला लागते.

मी सहल संचालक आहे. बरीच वर्षं मराठी गट घेऊन अंदमानला जाते. सातारा, जळगाव, नागपूर, नाशिक अशा गावांतली माणसं. निवृत्त शिक्षक, बँकेतले, शेतकरी जोडपी, मुलांनी पैसे भरून पाठवलेले आईवडील. विमानतळाबाहेर बसमध्ये बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आज किती पॉइंट?" पैसे मोजून, रजा काढून, औषधांचे डबे बरोबर घेऊन माणसं इतक्या लांब आलेली असतात, काही सुटू नये असं त्यांना वाटणं रास्तच आहे. मात्र या कामात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. बेटावर पाहण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक जागेची एक वेळ आहे. कुठे ती उजेडावर ठरते, कुठे ओहोटीवर, कुठे समुद्र किती शांत आहे त्यावर. त्या वेळेला माणसांना तिथे नेऊन पोचवायचं आणि मग त्यांच्या मधे यायचं नाही, एवढं जमलं तर सहल चांगली होते.

पहिला दिवस मी सेल्युलर जेलला देते. मराठी माणूस अंदमानला नुसत्या समुद्रासाठी येत नाही. सावरकरांचं 'माझी जन्मठेप' वाचून आलेली मंडळी प्रत्येक गटात असतात, आणि त्यांच्या मनात ही जागा आधीपासून बांधलेली असते. आधी मौजमजा आणि शेवटच्या दिवशी तुरुंग, असा क्रम काही सहलींत असतो. मला तो पटत नाही. शेवटच्या दिवशी माणसं थकलेली असतात, सामान बांधायचं असतं, खरेदी राहिलेली असते. या इमारतीला ताजं मन लागतं.

तुरुंगाचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तिमजली इमारती होत्या, आता तीन उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणी दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद, हवेसाठी मागच्या भिंतीत उंचावर छोटासा झरोका. दाराची कडी बाहेरच्या भिंतीत, लांब, आतल्या माणसाचा हात पोचणार नाही अशी बसवलेली. ही कडी मी सगळ्यांना दाखवते. तिथे भाषण करावं लागत नाही. कुणीतरी गजांतून हात बाहेर काढून पाहतं, तो पोचत नाही, आणि मागे उभी असलेली माणसं आपोआप बोलायची थांबतात.

सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या कोठडीपुढे आमच्या गटांना वेळ लागतो. कुणी डोकं टेकवतं, कुणी नुसतं भिंतीला हात लावून उभं राहतं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते आणि दोघा भावांची बराच काळ भेट होऊ शकली नाही. हे कळल्यावर बायकांच्या डोळ्यांत चटकन पाणी येतं. खालच्या कामशाळेत कोलू आहे. माणसाला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायची सक्ती होती. मात्र मी गटाला तिथून परत फिरू देत नाही. संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत, ती वाचायला लावते. बंगालची नावं सर्वांत जास्त, मग पंजाबची. उल्लासकर दत्त, बारींद्रकुमार घोष, १९१२ साली इथेच आत्महत्या केलेले इंदुभूषण रॉय, १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग. आपल्या माणसासाठी आलेल्यांनी शेजारच्या कोठडीतल्या माणसाचं नावही घेऊन जावं, असं मला मनापासून वाटतं, आणि याबाबत मी हट्टी आहे.

कोठड्या बघून झाल्यावर गच्चीवर जायचं. तिथून रॉस बेट दिसतं, नॉर्थ बेचा दीपस्तंभ दिसतो, आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. इथे मला दरवेळी कुणी ना कुणी विचारतं, एवढं पाहिल्यावर उद्या पाण्यात खेळायचं कसं? एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तर दुसऱ्या दिवशीच्या बोटीतून आपलं नाव काढा म्हणून सांगितलं होतं. त्यांना मी म्हटलं, "बाई, हा समुद्र ज्यांना झरोक्यातूनसुद्धा धड दिसत नव्हता, त्यांच्यासाठी म्हणून उद्या पाण्यात पाय घाला." त्या आल्या. तेव्हापासून हा प्रश्न आला की मी असंच उत्तर देते, कारण माझं खरोखर तेच मत आहे.

रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, सकाळी लवकर पाहावं. इंग्रजांचा सगळा कारभार इथून चाले. १९४१ चा भूकंप झाला, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि बेट ओस पडलं. चर्चच्या, बेकरीच्या, साहेबाच्या बंगल्याच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी आवळून धरलं आहे. हरणं माणसाच्या हाताला तोंड लावतात. नॉर्थ बेला जाताना मी वीस रुपयांची जुनी तांबडी नोट बरोबर ठेवते. तिच्या मागच्या बाजूला याच जागेचं चित्र आहे. नोट हातोहात फिरते आणि बोट पोचेपर्यंत वेळ मजेत जातो.

हॅवलॉकला जाणारी बोट सकाळची असावी. वारा दुपारनंतर वाढला तर बोट हलते, माणसांना मळमळतं, आणि तो अख्खा दिवस वाया जातो. ॲव्होमिनची गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. बोटीत खाली मान घालून मोबाइल बघायचा नाही. पोटात थोडं तरी खाणं हवं. रिकाम्या पोटी त्रास जास्त होतो.

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. तिथल्या गावांची नावं मात्र जुन्या वसाहतीतल्यांनी ठेवलेली: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी मिळाल्या. त्यांनी जंगल तोडून भात, नारळ, सुपारी लावली. आज त्यांचीच नातवंडं बोटी चालवतात, हॉटेलात वाढतात, पर्यटकांना पाण्यात उतरवतात.

एलिफंट बीचवरचं स्नॉर्केलिंग हा माझ्या कामातला सर्वांत आवडता भाग. सकाळी पाणी शांत असतं, ऊन वरून सरळ आत शिरतं, आणि कमरेइतक्या पाण्यापासून प्रवाळ सुरू होतं. पोहता येण्याची गरज नाही. लाइफ जॅकेट असतं, हवेची रिंग असते, आणि ती रिंग ओढत नेणारा स्थानिक मुलगा बरोबर असतो. अडचण वेगळीच असते. मास्कमध्ये नाक बंद होतं आणि श्वास तोंडातल्या नळीतून घ्यायचा असतो. आपल्या बायकांना नदीत बुडी मारायची सवय; पाण्यात तोंड घातलं की त्या आपसूक श्वास रोखतात. ती सवय सोडायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं द्यायला हवीत, आणि घाईच्या सहलीत नेमकी तीच कापली जातात. केसांची बट मास्कच्या कडेखाली राहिली तर पाणी आत येतं. मिशीवाल्या पुरुषांचा मास्क गळतो, त्यांना कडेला थोडं व्हॅसलिन लावायला सांगते. हे सगळं मी उथळ पाण्यात, एकेकाजवळ उभी राहून करते.

सोलापूरकडच्या एक आजी होत्या. दर आषाढीला चंद्रभागेत स्नान करणाऱ्या, समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. सून पाण्यात उतरली म्हणून त्या काठावर तिचा टॉवेल धरून बसल्या होत्या. मी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसता एक मास्क त्यांच्याजवळ ठेवून दिला. थोड्या वेळाने त्या स्वतःच उठल्या, मुलाचा टी-शर्ट सलवारीवर चढवला आणि गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या राहिल्या. मग चेहरा पाण्यात घातला, लगेच काढला, पुन्हा घातला. रिंगवाला पोरगा त्यांना आजीमाँ म्हणत हळूहळू पुढे नेत गेला. परत आल्या तेव्हा मास्कचा लाल वळ कपाळावर उमटला होता. म्हणाल्या, "मासं माझ्याकडंच बघत व्हतं गं बाई." मग सुनेला म्हणाल्या, तू जा परत, मी अजून एकदा जाऊन येते.

पन्नाशी-साठी उलटलेल्या बाईला नुसत्या आपल्या आनंदासाठी असं काहीतरी करताना पाहिलं की मला फार बरं वाटतं. घरच्यांच्या पोटापाण्याचं पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना इथे कुणाला काही वाढायचं नसतं. कित्येक जणींना पहिले दोन दिवस ते जमतच नाही. त्या दुसऱ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात. पिशव्या मी घेते. ते माझं काम आहे.

प्रवाळ फोटोत दिसतं तसं लाल-निळं असेल अशी अपेक्षा घेऊन माणसं येतात. बहुतेक जिवंत प्रवाळ तपकिरी, मातकट पिवळं, हिरवट असतं. हे रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे. पाणी फार तापलं की प्रवाळ ही शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तसंच राहिलं तर मरतं. २०१० साली अंदमानच्या समुद्रात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, आणि त्यानंतरही झालं आहे. मरून गेलेले तुकडे वाळूत जागोजागी दिसतात. गोलसर, दगडासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे परातीएवढा गोळा दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वेळचा असू शकतो. हे सांगितलं की माणसं त्यावर पाय ठेवत नाहीत. पाय ठेवू नका, एवढंच सांगितलं तर ठेवतात.

स्कुबा डाइव्हिंगसाठी तरुण मंडळी आधीपासून पैसे बाजूला ठेवून आलेली असतात. न पोहणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून थोड्या खोलीपर्यंत जाता येतं. तिथे एक फॉर्म भरून घेतात; दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गर्भारपण. तो फॉर्म खरा भरा, म्हणून मी प्रत्येकाच्या मागे लागते. जायला मिळावं म्हणून दमा लपवणारे असतात, आणि अशा वेळी मी गोड बोलत नाही. खाली जाताना कानावर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. खुणा आधी पाठ करायच्या. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान आहे' असा होत नाही, 'मला वर न्या' असा होतो. आपल्या माणसांना मासा दिसला की अंगठा वर जातो आणि प्रशिक्षक त्यांना तडक वर घेऊन येतो. म्हणून आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक आहे' ही खूण घोकतो, आज्यासुद्धा. डाइव्ह शेवटच्या दिवशी कधीच ठेवत नाही. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. किमान अठरा तास, शक्यतो एक पूर्ण दिवस विमानात बसायचं नाही.

राधानगरला मात्र काहीच करायचं नसतं. २००४ साली 'टाइम' मासिकाने या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅगही मिळाला. मागे उंच झाडांचं जंगल, पुढे पिठासारखी बारीक पांढरी वाळू, पश्चिमेला तोंड. पावणेचारला तिथे पोचलो की मी एवढंच सांगते: पोहायचं ते पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, अंधार व्हायच्या आत बाहेर, आणि साडेपाचला बसपाशी. मग मी लांब जाऊन बसते. कुणी चालत टोकापर्यंत जातं, कुणी वाळूत पाय पुरून घेतं. जळगावचे एक शेतकरी काका लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचा हात धरून सगळ्यांसमोर चालले होते, आणि गटातल्या कुणीही त्यांची थट्टा केली नाही.

नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपवर, सगळा कारभार भरती-ओहोटीचा. मी गुहागरकडची. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती लहानपणापासून माहीत. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणंही आजोबांनी शिकवलेलं. तो हिशोब इथे चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पण पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं ते सगळीकडे सारखंच. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच पाहावा. तेव्हा खालचा खडक दूरवर उघडा पडतो आणि त्यातल्या डबक्यांत सगळं जग असतं: समुद्रकाकड्या, तारामासे, निळसर ओठांचे मोठे शिंपले, इवलेसे खेकडे. भरतीला त्याच जागी नुसती कमान दिसते आणि माणसं पाच मिनिटांत परत फिरतात. सहलीच्या कागदावर 'सकाळी दहा, नैसर्गिक पूल' असं छापलेलं असलं, तरी ओहोटी तीनला असेल तर मी तीनलाच नेते. कागद बदलल्याबद्दल तक्रार करणारे पुलावरून येताना शांत झालेले असतात.

बाराटांगला मी गट नेत नाही. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, खारफुटीतून जाणारी बोट आहे; जागा सुंदर आहे. पण तिकडे जाणारा हमरस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा सुटतो, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, असे कडक नियम आहेत. तरीही बसमध्ये बसलेल्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो, जारवा दिसतील का? नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही माणसं आपल्यापासून दूर राहिली होती. आपली उत्सुकता त्यांच्या काहीही उपयोगाची नाही, आपले आजार मात्र त्यांचा जीव घेऊ शकतात. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला काचेतून पाहण्यासाठी केलेली सहल ही सहल नव्हे. हे मी नोंदणीच्या वेळीच सांगते. काहींनी त्यामुळे दुसरीकडे नोंदणी केली आहे. बाराटांगऐवजी मी गटाला शहरातलं मानववंशशास्त्र संग्रहालय दाखवते आणि संध्याकाळी चिडिया टापूला नेते. सिप्पीघाटलाही गाडी थांबवते. २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली, समुद्र आत आला, आणि ज्या शेतांत भात पिकत होतं तिथे खारं पाणी साचून राहिलं. आमच्या गटातले शेतकरी इथे बसमधून उतरल्याशिवाय राहत नाहीत. किती एकर गेली, नुकसानभरपाई मिळाली का, आता ती माणसं काय करतात, असे प्रश्न ते ड्रायव्हरला विचारतात. ड्रायव्हर बहुधा तिथलाच, कैद्यांच्या वंशातला. स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतो आणि सहा-सात भाषांमधून आलेल्या घराण्याचा इतिहास हिंदीत सांगतो. ती अर्धी घटका कुठल्याच छापील कार्यक्रमात नसते.

शंख-शिंपल्यांचं मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकते. किनाऱ्यावरचं प्रवाळ आणि शंख उचलून नेता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात, आणि प्रवाळाला तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याहून पटणारं कारण काळापत्थरच्या किनाऱ्यावर दाखवते. रिकामा वाटणारा शंख वाळूवर ठेवून दोन मिनिटं थांबायचं. बऱ्याचदा त्याला पाय फुटतात आणि तो चालायला लागतो. आत संन्यासी खेकडा असतो. नातवंडांसाठी गोळा केलेली पिशवी मग काकू स्वतःच उलटी करतात.

माझी मागणी वेळेचीच आहे. बहुतेक सहलींत नीलला एकच रात्र असते. दुपारी पोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. त्या अठरा-वीस तासांत ओहोटी रात्री आली तर पुलाखालचा खडक बुडालेला, सूर्योदयाला सीतापूरला जायचं तर लक्ष्मणपूरचा सूर्यास्त घाईत. दोन रात्री दिल्या तर निदान एक ओहोटी उजेडात सापडतेच. एक रात्र वाढली की खर्च वाढतो, हे मला कळतं. त्यासाठी बंदरातल्या खरेदीचा अर्धा दिवस आणि कॉर्बिन्स कोव्हची धावती फेरी काढून टाका, हा माझा प्रस्ताव मी दर पावसाळ्यात कार्यालयात मांडते. यंदाच्या हिवाळी सहलींपैकी काही गटांना नीलच्या दोन रात्री मिळाल्या आहेत. त्यांच्या तारखा ठरवताना कॅलेंडरशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा होता.